चिंचेखालचा कडू घास

शिदूचा फोन आला की समजायचं, मंद्रूपच्या रानात ज्वारी हुरड्यात आली. माझा हा धाकटा भाऊ वर्षभर फोनला शिवत नाही. पण पौष निम्मा सरला की त्याला बहीण आठवते. "अक्का, कणसं भरलीत. ये," एवढं म्हणतो आणि ठेवून देतो. मी येते म्हणाले की नाही, हे ऐकायलाही थांबत नाही. जन्मभर पोरांकडून निबंध लिहून घेतलेल्या मास्तरणीचा भाऊ इतका मुखदुर्बळ कसा निघाला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. त्याचा नातू चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी तो मोटारसायकल घेऊन माझ्या दारात उभा राहतो. या वयात मागे बसू नका, असं सून म्हणते. मी पदर खोचते आणि बसते.

रानात पोचायच्या आधीच आगटीचा वास येतो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं शिदू उघड्या हातांनी उचलतो, तळव्यात चोळतो, फुंकर मारून भूस उडवतो. हिरवे, मऊ, वाफाळलेले दाणे. सोबत शेंगदाण्याची लालभडक चटणी आणि गुळाचा खडा. पण पहिली ओंजळ मला मिळत नाही. ती तो पळसाच्या पानावर घेतो, विहिरीजवळच्या चिंचेखाली ठेवून येतो आणि झाडाकडे पाठ करून बसतो. पाठ फिरवल्याशिवाय ती खाली उतरत नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ती म्हणजे वानरं. काळ्या तोंडाची, राखी अंगाची, शेपट्या चिंचांसारख्या खाली सोडून बसलेली. वानरांचे एवढे लाड कशाला, असं मी दरवर्षी विचारते. तो हसतो. त्याने ती गोष्ट शंभर तोंडांतून ऐकली आहे. पण पाहिली आहे ती मी. त्या हंगामात तो जेमतेम महिन्याचा होता आणि मी नऊ वर्षांची.

सोलापुरात लष्करी कायदा लागला होता, त्या उन्हाळ्यानंतरचा हा हिवाळा. शहराकडून आलेली माणसं पारावर अजून हळू आवाजात बोलायची. माझे वडील, अप्पा, धान्याचे व्यापारी. गाडी जुंपून सोलापूरच्या बाजाराला निघताना ते पोलिसांच्या भीतीने गांधी टोपी पेटीत ठेवायचे आणि डोक्याला रुमाल गुंडाळायचे. परत आले की रुमाल पेटीत, टोपी डोक्यावर. एरवी या अदलाबदलीवरून अव्वा, म्हणजे माझी आई, त्यांना भरपूर चिडवायची. पण मार्गशीर्षात शिदू जन्मला आणि त्याच आठवड्यात अव्वा गेली. मग घरात कुणी कुणाला चिडवेना.

आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत, बसवतात. भस्म लावून, हार घालून, अव्वाला भिंतीशी बसवलं होतं. कामातून जरा टेकावं तशी ती दिसत होती, आणि हेच मला सोसेना. झोपलेली असती तर मी समजून घेतलं असतं. मी हळूच जाऊन तिचा हात उचलला. तो सुटून पुन्हा मांडीवर पडला. मी पुन्हा उचलला, पुन्हा पडला. कुणीतरी मला काखेत धरून बाजूला नेलं. मग तिला तशीच बसवून, वाजतगाजत, आमच्याच रानात विहिरीच्या अंगाला मातीत ठेवलं.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी-पिठलं घेऊन येतात आणि घरच्यांच्या तोंडात बळंबळं घास घालतात. त्याला कडू घास म्हणतात. तो नको म्हणायचा नसतो. कारण तो घेतला की जगायला पुन्हा सुरुवात झाली असं धरतात. शेजारच्या काकूंनी माझ्याही तोंडात घास कोंबला. मी तो गालात तसाच धरून ठेवला आणि मागल्या दारी जाऊन थुंकून आले. त्यानंतर मी जेवत होते, पण कशाला म्हणून चव नव्हती. रडलेही नव्हते. थोरली मुलगी शहाणी निघाली, असं बायका म्हणायच्या. शहाणपणाचा त्यात काही संबंध नव्हता. मला नुसता राग आला होता, सगळ्यांचा, आणि सगळ्यांत जास्त त्या तान्ह्या पोराचा.

त्या पोराला जगवायचं नीलव्वा आत्याने मनावर घेतलं होतं. आत्या अप्पांची थोरली बहीण. सासर काय असतं हे कळायच्या आत विधवा होऊन माहेरी आलेली. उंच, सडसडीत, आवाज असा की विहिरीवर बोलली तर वेशीत ऐकू यावं. अप्पा बाजारात भल्याभल्यांशी हुज्जत घालायचे. पण घरात आत्याने डोळे वटारले की भाकरी गार आहे हेसुद्धा सांगायचे नाहीत. जाण्याआधी अव्वाने शिदूला तिच्याच ओटीत घातलं होतं आणि हा तुमचा, असं म्हटलं होतं. ते दोन शब्द आत्याने घट्ट धरून ठेवले.

शिदूला गाईचं दूध पचेना. शेळीचं दिलं, तेही उलटलं. आत्या बोंडल्याचं टोक त्याच्या ओठाशी नेऊन सारखी म्हणायची, "बाय तेगी, शिदू, बाय तेगी." तोंड उघड, असं कानडीतून. आमच्या घरात हिशेब मराठीतून आणि माया कानडीतून चालायची. शिदू तोंड मिटून घ्यायचा. त्याचे हातपाय वाळल्या पडवळासारखे झाले. वैद्यबुवा येऊन गेले आणि जाताना अप्पांशी अंगणात बोलले, आत्याशी बोलले नाहीत. एका दुपारी मी माजघरात डोकावले तर आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिने शिदूला आपल्याच कोरड्या छातीशी लावलं होतं. तो चोखत होता आणि काही येत नव्हतं म्हणून कळवळत होता. तिचे खांदे हलत होते. मी आवाज न करता परत फिरले. राग तेव्हा गेला माझा, आणि त्याच्या जागी भीती आली. हेही पोर जाणार.

गावात त्या वेळी अंगावर पाजणारी बाई नव्हती असं नाही. आमच्याच रानात होती. बाजरी निघालेल्या पट्टीत अप्पांनी धनगराची मेंढरं बसवली होती. रात्रभर मेंढरं रानात बसली की लेंडीखताने जमीन सुधारते, त्या बदल्यात धनगराला धान्य द्यायचं, अशी ती रीत. त्या धनगराची बायको म्हाकुबाई. काळीसावळी, भरल्या अंगाची, कडेवर तिची गुटगुटीत पोर. तिने एकदा स्वतःहून येऊन आत्याला विचारलं होतं, लेकराला मी पाजू का. आत्याने तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. अय्यांनी, म्हणजे आमच्या जंगम गुरूंनी, शिदूला लिंग बांधलं होतं. ज्याच्या अंगावर लिंग नाही तो आमच्या बोलीत भवी. त्यात मटण खाणारी बाई. लिंग बांधलेल्या लेकराच्या पोटात तिचं दूध जावं, हे आत्याला मरणाहून वाईट वाटत होतं. निदान तसं ती म्हणायची. अप्पा ओसरीवर बसून ऐकत होते आणि रुमालाची घडी घालत होते. त्या घडीचा मला तेव्हा फार संताप आला.

रोज सकाळी आत्या आणि मी अव्वाच्या समाधीवर बेलाचं पान ठेवायला जायचो. शिदूला ती कुणाजवळ ठेवत नसे. जुन्या लुगड्यात गुंडाळून खांद्याशी धरलेला असायचा. असंच त्या दिवशी गेलो. थंडी होती, ज्वारीच्या पानांवर दव होतं. चिंचेखाली पाहतो तर वानरांचा अख्खा कळप जमिनीवर बसलेला. एरवी आमची चाहूल लागली की ती शेंड्याला जायची. त्या दिवशी हलली नाहीत. मध्ये एक मादी उताणी पडली होती आणि तिच्या छातीवर एक काळं, मुठीएवढं पिल्लू बिलगलं होतं. आम्ही विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी जिथे पडतं तिथल्या दगडावर, बसून राहिलो. मेंढरांमागे निघालेली म्हाकुबाईही पोर कडेवर घेऊन थांबली. मादीच्या अंगावर जखम नव्हती. पान लागलं असंल, असं म्हाकुबाई म्हणाली. साप चावला म्हणायचं नसतं, पान लागलं म्हणतात.

ती सकाळ मी पुढे कितीतरी वर्गांत सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी पोरं गप्प झाली आहेत. आधी अर्धवट वयाची पोरटी आली. त्यांनी वाकून तिचं तोंड हुंगलं, शेपूट ओढून पाहिली, आणि मोठ्यांनी दात दाखवताच दूर झाली. मग एकेक मादी येऊन तिच्याजवळ बसली. एकीने तिचे केस बोटांनी विंचरल्यासारखे दुभंगले, काही वेचलं, पुन्हा दुभंगले. रोजचं काम करावं तसं. एक वानर उंच फांदीवर बसून पांदीच्या वाटेकडे पाहत होता आणि गावचं कुत्रं जरा जवळ आलं की खाकरायचा. कावळ्यांनाही त्यांनी खाली बसू दिलं नाही. आणि मग एका मादीने तिचा हात उचलला. उचलून सोडला. तो पडला. तिने मान वाकडी करून पाहिलं आणि पुन्हा उचलला.

तिथे माझा बांध फुटला. मी थारोळ्यावर बसून असा गळा काढला की वानरांनीही वळून पाहिलं. आत्याने एक हात मोकळा करून माझं डोकं आपल्या मांडीवर दाबून धरलं. मेलेलं आणि निजलेलं यांतला फरक वानरांना कळतो का बाई, असं पुढे एका पोराने मला विचारलं होतं. मी म्हटलं, कळतो. मान्य करायला मात्र त्यांना आपल्याइतकाच वेळ लागतो. पुस्तकात काय लिहिलंय मला माहीत नाही. मी जे पाहिलं त्यावरून सांगते.

सूर्य वर आला तरी कळप हलेना. चिंचेपासून हाकेच्या अंतरावर हरभरा घाट्यांनी लगडला होता. एरवी याच हरभऱ्यावरून आमचं आणि वानरांचं वैर. गोफणी घेऊन राखण बसवावी लागे. त्या दिवशी एकही वानर हरभऱ्याकडे गेलं नाही. हे आत्याच्या ध्यानात आलं. आणि आत्याने जे केलं त्याला माझे वडील मरेपर्यंत घोडचूक म्हणत राहिले. तिने मला घरी पिटाळलं आणि दुरडीतल्या भाकरी घेऊन यायला सांगितलं. मयत झालेलं घर आहे, ती म्हणाली, तोंडात घास नको का कुणी घालायला?

मी दुरडी आणली. आत्याने भाकरीचे तुकडे केले, चिंचेच्या बुंध्यापासून जरा अंतरावर दगडावर मांडले, हात जोडले. वानरं बघत राहिली. आम्ही तिघी बघत राहिलो. कुणी येईना. मग म्हाकुबाई म्हणाली की दुःखातल्या माणसाकडं टक लावून बघितल्यावर त्यानं खायचं कसं. आम्ही पाठ फिरवून बसलो. थोड्या वेळाने मागे खसफस झाली. चोरून पाहिलं तर एक तुकडा उचलला गेला होता, मग दुसरा. मला एकदम भूक लागली. दुरडीच्या तळाशी राहिलेली चतकोर मी कोरडीच खाल्ली. जोंधळ्याची गोडी जिभेला लागली, आणि कितीतरी दिवसांनी मला कळलं की मी काहीतरी खाते आहे.

ही चूक पुढे आम्हाला भारी पडली ते सांगायलाच हवं. नीलव्वाने वानरांना कडू घास घातला म्हणताच त्यात काहीतरी पुण्य असणार, असं समजून दुसऱ्या दिवशी निम्म्या गावच्या बायका दुरड्या घेऊन चिंचेखाली हजर. वानरांना भाकरी म्हणजे काय हे तोवर ठाऊक नव्हतं. एकदा ठाऊक झाल्यावर त्यांनी गाव सोडलंच नाही. तव्यावरची भाकरी पळवण्यापर्यंत त्यांची मजल गेली. एकदा तर पाटलांच्या घरच्या लग्नात पंगत मांडायच्या आधीच उठली. आमच्या गावाएवढा महागडा दुखवटा जगात कुणी केला नसेल, असं अप्पा म्हणायचे.

पण त्या सकाळी या गोष्टीला अजून वेळ होता. कळप खात होता आणि ते पिल्लू मात्र खात नव्हतं. खाण्याचं त्याचं वयच नव्हतं. ते आईच्या छातीला लुचत होतं, काही मिळत नव्हतं म्हणून तोंड काढून चिरकत होतं, पुन्हा लुचत होतं. इकडे आत्याच्या खांद्यावर शिदू रडत होता. त्याच्या रडण्यालाही आता आवाज उरला नव्हता. दोन्हीकडून तोच बारीक सूर येत होता. म्हाकुबाईचा पदर पुढून ओला झाला होता. तिची पोर तर कधीच पिऊन झोपली होती. ती आत्याकडे न बघता, चिंचेकडेच बघत म्हणाली,

"वानराला घास दिला तुमी, आक्का. घरच्या लेकराला बी द्या की."

आत्याचा चेहरा दगड झाला. मला वाटलं, आता ही उठून निघणार. ती उठली नाही. चिंचेखाली एक म्हातारी मादी पुढे आली होती. तिचा एक कान फाटका होता आणि छाती सुकून पोटाला लागली होती. तिने पिल्लाला आईवरून सोडवलं. ते सुटेना, एकेक बोट सोडवावं लागलं. तिने त्याला पोटाशी धरलं आणि ते लगेच तिच्या छातीला लुचू लागलं. क्षणभर सगळं शांत झालं. मग पिल्लू तोंड काढून जोरात चिरकलं. म्हातारीने त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं. तिथेही तेच. आत्या हे बघत होती. माजघरातली ती दुपार मी पाहिली आहे हे तिला माहीत नव्हतं. पण आम्ही दोघी त्या घडीला त्या माजघरातच होतो.

म्हातारीने थोडा वेळ पिल्लाला नुसतं धरून ठेवलं. मग ती उठली, एका हाताने त्याला पोटाशी दाबून तीन पायांवर चालत, बाजूला बसलेल्या एका तरण्या मादीकडे गेली. तिच्याजवळ तिचं स्वतःचं पिल्लू पीत होतं. म्हातारीने हे उपरं पोर तिच्या मांडीवर ठेवलं. तरणीने त्याला ढकललं. म्हातारीने पुन्हा ठेवलं. आणि मग ती तिच्या पाठीमागे जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी तिचे केस विंचरू लागली. पाठ, मान, खांदे, सावकाश, लाडीगोडी लावावी तसं. तरणीचे डोळे मिटू लागले. तिची मान पुढे झुकली. उपऱ्या पोराने रांगत रांगत मोकळी बाजू गाठली आणि या वेळी ते चिरकलं नाही. बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. पिल्लाची एवढीशी पाठ श्वासाबरोबर वरखाली होत होती, आणि म्हातारीचे हात चालूच होते.

आत्या थारोळ्यावरून उतरली. शिदूला तिने एकदा गालाशी धरलं. त्याच्या गळ्यातलं इवलंसं लिंग पदराने पुसलं, नीट सरळ केलं. मग म्हाकुबाईसमोर जाऊन उभी राहिली. तोवर ती तिला धनगरीण म्हणायची, तेही नजर वर न करता.

"बस तंगी," आत्या म्हणाली. तंगी म्हणजे धाकटी बहीण. "हा घे."

म्हाकुबाईने आपली झोपलेली पोर माझ्या मांडीवर दिली आणि शिदूला घेतलं. त्याने तोंड मिटून घेतलं. आत्या वाकून म्हणाली, "बाय तेगी, शिदू." तो तोंड उघडेना. म्हाकुबाईने पदराआड दोन थेंब त्याच्या ओठावर सोडले. त्याने जीभ बाहेर काढली, चाखलं, आणि मग असा काही तुटून पडला की म्हाकुबाई "आगं बाई" म्हणून हसली. मीही हसले. गटागटा गिळण्याचा आवाज थारोळ्यावर ऐकू येत होता. तसा आवाज आमच्या घरात अव्वा गेल्यापासून ऐकला नव्हता.

आत्या हसली नाही. ती म्हाकुबाईच्या पाठीमागे जाऊन बसली. कमरेच्या पिशवीतून तिने आपली लाकडी फणी काढली. समाधीवरच्या दिव्यासाठी आणलेल्या बुधल्यात करडीचं तेल होतं, ते तळहातावर ओतलं. म्हाकुबाईच्या केसांत रानातली धूळ होती, मेंढरांची लोकर होती, गवताची कुसळं होती. आत्याने तिचा अंबाडा सोडला आणि कुसळं एकेक करून वेचली. मग तेल घालून सावकाश विंचरू लागली. म्हाकुबाई आधी अंग चोरून बसली होती. हळूहळू तिची मान पुढे झुकली. चिंचेखाली म्हातारीचे हात चालू होते, इकडे आत्याचे. मी दोन्हीकडे बघत होते, मांडीवर परकं पोर घेऊन. मला एवढंच वाटत होतं की हे थांबू नये. जिंकल्याचा आनंद काय असतो हे मला त्या सकाळी कळलं, आणि नंतर कुठलीही परीक्षा पास होताना तो तेवढा झाला नाही.

संध्याकाळी अप्पांची गाडी बाजारातून रानाच्या वाटेने आली. चिंचेखालून कळप वर गेला होता. खाली पोरगा पुन्हा पीत होता, आणि त्यांची कडक बहीण धनगराच्या बाईची वेणी घालत होती. अप्पांनी बैल थांबवले. रुमाल काढून डोळे पुसले, आणि धूळ फार उडाली म्हणाले. त्या दिवशी वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या गुरवाने त्या मादीला चिंचेखालीच माती दिली. आम्ही दूर झाल्यावर कळप उतरला. काहींनी मऊ माती हुंगली, हाताने थोडी उकरून पाहिली. फाटक्या कानाची म्हातारी तिथे सगळ्यांत जास्त वेळ बसली. पोरकं पिल्लू मात्र मातीकडे फिरकलं नाही. तरणीच्या पोटाला दोन पिल्लं लोंबत होती आणि ती तेवढं ओझं घेऊन फांदीवरून फांदीवर जात होती. आठवडाभराने ते भाकरीच्या तुकड्यासाठी दुसऱ्या पिल्लाशी भांडताना दिसलं. खाता येत नव्हतं, पण भांडता येत होतं.

गावात बोलाचाली झाली. लिंगवंताच्या पोराला भवीचं दूध, असं चार बायका पाणवठ्यावर कुजबुजल्या. आत्याने घागर खाली ठेवली आणि त्या चौघींना ऐकवलं की त्याच्या गळ्यातलं लिंग ती रोज आपल्या हाताने पुसते. ज्या दिवशी ते काळं पडेल त्या दिवशी ती स्वतः येऊन सांगेल. तोवर कुणी तिच्या भाच्याच्या दुधाचा विषय काढायचा नाही. अय्यांना विचारायला गेलेल्यांना अय्यांनी उलट विचारलं, पोरगं बरं आहे ना? मग बाळसं धरलेल्या शिदूला घेऊन आत्या मुद्दाम सगळ्या गावातून, लांबच्या वाटेने फिरून आली. मी तिच्यामागे छाती काढून चालत होते.

मेंढरं त्या वर्षी आमच्या रानात ठरल्यापेक्षा फार जास्त बसली. बाजरीच्या पट्टीनंतर तुरीच्या, मग करडीच्या. जमीन एवढी खताळली की पुढच्या हंगामात ज्वारीत माणूस दिसत नव्हता. रोज सकाळी चिंचेखाली तेच. शिदू एका बाजूला, म्हाकुबाईची पोर दुसऱ्या बाजूला, आणि मागे आत्या फणी घेऊन. पुढेही दर हिवाळ्याला म्हाकुबाईच्या मेंढरांचा वाडा आमच्याच रानात पडायचा. शिदू तालमीत जाऊ लागला, जत्रेच्या फडात त्याने भल्याभल्यांना चितपट केलं. पहिली कुस्ती मारली तेव्हा बक्षिसाचा फेटा घेऊन तो मातीने माखलेला तसाच बायकांच्या घोळक्यात घुसला आणि फेटा म्हाकुबाईच्या मांडीवर टाकला. आत्या शेजारीच होती. हिचं दूध आणि माझी भाकरी, ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

आत्या पुष्कळ जगली. गेली तीही हुरड्याच्याच दिवसांत. आमच्या रीतीप्रमाणे तिला बसवलं, भस्म लावलं. बायका जमल्या. म्हाकुबाई आली ती काठी टेकत, पाठीत वाकून. आत येताच तिने माझ्याकडे फणी मागितली. मी ती लाकडी फणी शोधून दिली. फणीचे निम्मे दात गेले होते. कुणीतरी म्हणालं की आता कशाला, उशीर होतोय. म्हाकुबाईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि आत्याच्या पाठीमागे बसली.

"रोज तुमी केलं, आक्का," ती म्हणाली. "आज माजी पाळी हाय."

तिने तेल घातलं आणि पांढरे केस सावकाश विंचरले, एकेक बट सोडवत. घाई कुणाला करवेना. जंगमसुद्धा शंख हातात धरून थांबले. मग आत्या निघाली, फुलांनी सजवलेल्या, पालखीसारख्या विमानात ताठ बसून, चापूनचोपून भांग पाडलेली, पुढे वाजंत्री आणि खाली शिदूचा खांदा. अशी ऐटीत गेलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. रानात पोचलो तेव्हा चिंचेवर सगळा कळप होता. माती देऊन होईपर्यंत त्यांच्यातलं कुणी हरभऱ्यात उतरलं नाही. योगायोग असेल. मी तसं म्हणते, शिदू म्हणत नाही.

घरी आलो. चूल गार होती. शिदू ओसरीच्या खांबाला टेकून बसला. पोराबाळांचा बाप, दंड अजून खांबासारखे, आणि त्याने दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेतलं होतं. शेजाऱ्यांनी भाकऱ्या आणल्या, मी समजावलं, त्याच्या बायकोने हात जोडले. तो मान हलवत राहिला. मग म्हाकुबाई उठली. तिने आपल्या फडक्यातून आणलेली भाकरी सोडली, तुकडा मोडला, दह्यात बुडवला आणि त्याच्यासमोर कशीबशी मांडी घालून बसली. कानडी तिला कधी आली नव्हती. एवढे दोनच शब्द ती चिंचेखाली बसून शिकली होती.

"बाय तेगी, शिदू."

त्याने तोंड उघडलं.